तळ्याचं कातडं

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नवं पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी मी त्याला एकच काम देतो. मिक्सरमधून आलेली वाळू मुठीत घे, दाब, मूठ उघड. ढेपेवर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत. ढेप मधोमध मोडली तर कड धारदार तुटली पाहिजे, भुगा होता कामा नये. भुगा झाला तर वाळूत बेंटोनाइट कमी पडलंय. बेंटोनाइट म्हणजे चिकणमातीच, पोत्यातून येणारी. शंभर किलो वाळूत ती सात-आठ किलो असते, पण तिच्यावाचून साचा उभा राहत नाही. सव्वीस वर्षं मी हे पोरांना सांगत आलोय. आणि तरीही आमच्या येळ्ळूरच्या तळ्याच्या तळाशी त्याच जातीची माती हाताला लागली तेव्हा मला ती ओळखता आली नाही. मी ती ट्रॉल्या भरभरून वीटभट्टीला जाऊ दिली.

येळ्ळूर बेळगावच्या दक्षिणेला, राजहंसगडाच्या पायथ्याशी. चांगळेश्वरीची यात्रा, कुस्त्यांचं मैदान, साहित्य संमेलन यांसाठी गाव माहीत आहे. बाजारात मात्र येळ्ळूर म्हटलं की भात. बासमतीचा वास आता पूर्वीसारखा शिवारभर सुटत नाही, इंद्रायणीनं बरीच जागा घेतली, पण काळी जमीन तीच. भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. अशा गावातल्या माणसानं पाण्याचं रडगाणं गायलं की उत्तरेकडच्या तालुक्यांतले पाहुणे हसतात. त्यांचं बरोबर आहे. आमच्याकडं पाऊस भरपूर पडतो. तो राहत नाही एवढंच. जुलैत बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात शिरलं म्हणून कपाळाला हात लावायचा आणि मार्चमध्ये बोअरला हवा लागली म्हणून पुन्हा लावायचा, हे एकाच शेतकऱ्याच्या एकाच वर्षात होतं.

तळं आमच्या गल्लीच्या टोकाला, गडाच्या बाजूला. सव्वा एकराचं असेल. माझ्या लहानपणी त्यात म्हशी डुंबायच्या, बायका कपडे धुवायच्या, बेंदराला बैल न्हायचे. भाद्रपदात बायका गौरी आणायला तिथंच जायच्या. मग नळ आले, बोअर आली, म्हशी कमी झाल्या. तळ्याला कुणी नको म्हटलं नाही, फक्त कुणाचं काम उरलं नाही. पुढं तिथं काय काय जाऊन पडलं ते आम्हाला २०२४मध्ये खोऱ्यानं उपसावं लागलं, त्यामुळे यादी पाठ आहे.

२०२३चा ऑगस्ट कोरडा गेला. देशभरात १९०१पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट नव्हता, आणि पुढं कर्नाटकातल्या २३६पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आमचं भात पोटरीत असताना पाण्यासाठी तडफडलं. त्या दिवाळीत गल्लीतली पंचवीस-तीस माणसं मारुतीच्या कट्ट्यावर बसली आणि तळं काढायचं ठरलं.

हे आमच्या डोक्यात कुठून आलं, तर टीव्हीवरून. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ ते २०१९ अशी चार वर्षं चालली. तिच्यावरचे कार्यक्रम आमच्याकडं घरोघरी बघितले गेले. मराठी बोलणारी माणसं पहाटे टॉर्च लावून चर खणतायत हे बघून आमच्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून यायचे. पण स्पर्धा महाराष्ट्रातल्या तालुक्यांची. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजनाही पलीकडचीच. आम्ही सीमेच्या अलीकडं बसून बघणार, टाळ्या वाजवणार, आणि उठून आपल्या तळ्यात कचरा टाकून येणार. मी कुणाला नावं ठेवत नाही, कचरा टाकणाऱ्यांत मीही होतो.

परवानगीचा अर्ज कन्नडमध्ये करावा लागला. २०१४च्या जुलैत एका फलकावरून आमच्या गावात जो मराठी-कन्नड वाद पेटला तो सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे अर्जाच्या भाषेवरून कट्ट्यावर अर्धा तास गेलाच. शेवटी आमच्यातल्या एका पोरानं, जो बारावीला कन्नड घेऊन पास झालाय, सरळ लिहून आणला. उताऱ्यावर, म्हणजे आमच्या पहाणीवर, तळ्याचं नाव ‘केरे’ असं. ते वाचून एक काका म्हणाले, “केरे म्हना, तळं म्हना, पानी थांबल्याशी कारण.” पंचायतीच्या पीडीओ साहेबांनी अर्ज घेतला, पायाला चिखल लावून तळ्याला एक फेरी मारली आणि काठ हलवायचा नाही या अटीवर होकार दिला.

फाउंड्रीतला माणूस हिशेबाशिवाय हलत नाही. मी कागद घेतला. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरचा एक फूट गाळ काढायचा तर ४३,५६० घनफूट, म्हणजे ४३५ ब्रास. एका बुट्टीत अर्धा घनफूट माती मावते असं धरलं तर सत्त्याऐंशी हजार बुट्ट्या. तीस माणसं, प्रत्येकी शंभर बुट्ट्या, तर एकोणतीस रविवार. आणि गाळ एक फूट नव्हता, कुठं कुठं कमरेइतका होता. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच एका फुटात पाणी किती राहील तेही काढलं: बारा लाख तेहतीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे एकशे तेवीस टँकर. हा दुसरा आकडा मी गल्लीच्या ग्रुपवर टाकला, पहिला टाकला नाही.

२०२४च्या फेब्रुवारीत सुरुवात केली. पहिल्या रविवारी साठ माणसं. नारळ, फोटो, उप्पीट, चहा. आमच्यातल्या निम्म्यांनी खोरं हातात धरून कैक वर्षं झाली होती. दहा वाजता तळहातांवर फोड, अकराला कमरेवर हात. तेवढ्यात ‘उद्योग खात्री’च्या कामावर जाणाऱ्या चार बायका काठावर येऊन उभ्या राहिल्या. रोजगार हमीला आमच्याकडं सगळे उद्योग खात्रीच म्हणतात. त्या वर्षी त्यांची मजुरी दिवसाला ३१६ रुपये होती, एप्रिलपासून ३४९ झाली. तळी, चर, नाले यांतला गाळ या बायकांनी आमच्यापेक्षा शंभर पटीनं उपसलेला. थोडा वेळ त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांच्यातल्या थोरल्या अक्का खाली उतरल्या.

“अण्णा, बुट्टी शिगोशीग कशाला भरालायसा? अर्धी भरा. फेऱ्या वाढल्या तर वाढू देत, कंबर ऱ्हाईल.”

मग त्यांनी साखळी कशी लावायची ते दाखवलं. आम्ही एका ओळीत एकमेकांकडं तोंड करून उभे होतो. त्यांनी एकाला उजवीकडं, दुसऱ्याला डावीकडं तोंड करायला लावलं, म्हणजे बुट्टी घेताना आणि देताना अंग पिळत नाही. रिकाम्या बुट्ट्यांची साखळी वेगळी. आणि गाळ वरून खरवडायचा नाही, कडेनं पायरी धरून कापत यायचं, म्हणजे खोरं उभं जातं आणि मातीचं चकलं आपसूक सुटतं. हे सगळं पाच मिनिटांत. मी वर्कशॉपमध्ये ‘मेथड’ या शब्दावर तासतासभर बोलतो. अक्कांनी तो शब्द न उच्चारता आमची मेथड बदलली. बुट्टी अर्धी भरायची ठरल्यामुळे माझा सत्त्याऐंशी हजारांचा आकडा दुप्पट झाला, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्या चौघी पुढं दर रविवारी यायला लागल्या, बिनमजुरीच्या. आठवड्याचे सहा दिवस जे काम पैशासाठी करायचं तेच सातव्या दिवशी फुकट करायचं, याला मी तरी तयार झालो नसतो. मला रविवारी कुणी वाळू दाबायला बोलावलं तर मी दार उघडणार नाही. आम्ही त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हणून ग्रुपवर घालू म्हणालो तर अक्का म्हणाल्या, “आमचा मोबाइल पोराकडं असतोय. तुम्ही च्या वेळेवर द्या.”

पाचव्या रविवारी चौदा माणसं उरली. ग्रुपवर अंगठे मात्र साठ यायचे.

गाळातून गणपती निघाले. मूर्ती नव्हेत, हात, मुकुटाचे तुकडे, पाटाची फळी, आतला काथ्या, लोखंडी सळीचे सांगाडे. प्लॅस्टरचा एक अख्खा उंदीर निघाला, रंगासकट. तो बघून कुणाला हसावं की हात जोडावे कळेना. शेवटी एका पोरानं त्याला धुऊन काठावर ठेवला आणि पुढले तीन महिने तो आमचा मुकादम झाला. बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, शाळेची पाटी, एक सायकलचं रिम. एकदा ओल्या कोपऱ्यात खोरं मारल्यावर माती हलली आणि आतून हातभर मरळ मासा निघाला, जिवंत. चिखलात श्वास धरून पडला होता. त्याला बादलीत घालून शेजारच्या विहिरीत सोडलं.

आणि पायऱ्या निघाल्या. पूर्वेच्या काठाला, गाळाखाली, घडीव दगडाच्या पाच पायऱ्या. गल्लीत कुणालाच त्या आठवत नव्हत्या. एक आबा सोडून. ऐंशीच्या पुढचे, एके काळी बारा म्हशी राखलेले. ते रोज काठावर येऊन बसायचे आणि आमच्या कामावर बोलत राहायचे. पायऱ्या उघड्या पडल्यावर म्हणाले, “तिसऱ्या पायरीवर बसून म्या पाय धुवायचो. शिमग्यापतूर ती बुडालेली असायची.” त्याच दिवशी, की त्याच्या आदल्या रविवारी, ते आणखी एक वाक्य बोलले होते. “आरं, गाळ काढा, पर खालचा चिकट थर खरवडू नका. ते तळ्याचं कातडं हाय.” म्हातारी माणसं बोलत असतात, तसं आम्ही ते ऐकलं.

एप्रिलमध्ये माझ्या लक्षात आलं की चौदा माणसं आणि चार बायका घेऊन मिरगाच्या आधी तळ्याचा चौथा हिस्साही होणार नाही. यंत्र आणायला हवं होतं. जेसीबीचा तासाचा दर हजाराच्या वर. वर्गणी पंधरा हजार जमली, ती दोन दिवसांत डिझेलच्या धुरात गेली. इथं मला राहून राहून टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आठवायची. १९२४च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला अधिवेशन भरलं, तेव्हा येणाऱ्या माणसांच्या पाण्यासाठी खणलेली. अधिवेशनाच्या जागेला विजयनगर म्हणायचे, म्हणून विहिरीचं नाव पंपा सरोवर. खर्च ४,३७० रुपये ३ आणे. तीन आण्यांचासुद्धा हिशेब ठेवणारी ती माणसं, आणि आम्ही पंधरा हजार कुठं गेले ते सांगू शकत नव्हतो.

तेव्हा भट्टीवाला आला. बेळगावभोवती भातशेतीच्या कडेकडेनं वीटभट्ट्या आहेत, त्यांतलाच एक. माणूस सरळ होता, त्यानं काही लपवलं नाही. म्हणाला, माझा जेसीबी, माझे टिप्पर, माझं डिझेल. वरचा गाळ शेतकऱ्यांना हवा तेवढा घेऊ द्या, मला खालची विटेची माती लागते. आठ दिवसांत तळं मोकळं करून देतो.

बैठकीत मी सगळ्यांत जोरात हो म्हणालो. आकडे माझ्याकडं होते. जितकं खोल तितकं पाणी, हा हिशेब कुणाला खोडता येईना. अक्का तेवढ्या गप्प बसल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “मशीन आल्यावर आमचं काय काम?” मला वाटलं त्यांना वाईट वाटलंय. आता वाटतं, त्या वेगळं काही सांगत होत्या. माणूस खोऱ्यानं खणतो तेव्हा माती बदलली की हाताला कळतं, खोरं जड जातं, चिकटतं, तो थांबतो. जेसीबीच्या दाताला काहीच कळत नाही.

आठव्या दिवशी तळं खरंच मोकळं झालं. शेतकऱ्यांनी वरचा काळा गाळ नेला. त्यावरूनही दोन भाऊ एका ट्रॉलीसाठी भांडले, पण ते जाऊ दे, भाऊ कशावरूनही भांडतात. मधल्या भागात, दोनेक गुंठ्यांत, भट्टीवाल्याला माती फार आवडली. पिवळट राखाडी, लोण्यासारखी कापली जाणारी. टिप्परच्या मागं उभं राहून मी तिचा एक गोळा हातात घेतला होता, मुठीत दाबला होता, ठसे उमटले होते. एवढं आठवतं. त्या थराच्या खाली मुरमाड, तांबूस, खडे असलेली माती लागली, तेव्हा जेसीबी थांबला. आम्ही फोटो काढले.

२०२४च्या जुलैत पाऊस झोडपून आला. तळं काठोकाठ भरलं. पाचही पायऱ्या बुडाल्या. ग्रुपवर इतका आनंद झाला की गेले तीन महिने फिरकलेही नव्हते त्यांनी भाषणं केली. मी काठावर एक बांबू रोवला होता, फुटांच्या खुणा रंगवून.

पाऊस थांबला आणि बांबू बोलायला लागला. उघड्या पाण्याची वाफ होतेच. भर उन्हाळ्यात दिवसाला अर्धा-पाऊण सेंटिमीटर, हिवाळ्यात त्याहून कमी. आमचं पाणी नोव्हेंबरच्या थंडीत रोज बोटभर खाली जात होतं. आठवड्यात अर्धी वीत. मी कुणाला बोललो नाही. पहाटे शिफ्टला निघताना टॉर्च मारून खूण बघायची आणि गाडीला किक मारायची. संक्रांतीला मधला भाग उघडा पडला, तोच दोन गुंठ्यांचा. पाणी भोवती डबक्यांत आणि मध्ये तांबूस मुरूम. बशीला मधोमध भोक पडावं तसं. गाळ भरलेल्या जुन्या तळ्यात याहून जास्त दिवस ओल राहायची.

तिथं उभा असताना आबा मागून आले. मला वाटलं आता ऐकवतील. ते एवढंच म्हणाले, “सोललंस की रे तळं.”

त्या रात्री मला झोप आली नाही, हे लिहायला सोपं आहे. खरं म्हणजे झोप आली, पण दुसऱ्या दिवशी फाउंड्रीत वाळू दाबताना मूठ उघडवेना. ज्या मातीची मी पोती मोजतो, जी पाणी पिऊन फुगते आणि दोन कणांमधली फट बुजवते, तीच निसर्गानं तळाशी पसरून ठेवली होती, आणि वरून शेकडो वर्षं म्हशींनी तुडवून घट्ट केली होती. आम्ही गाळ आणि चिकणमाती यांना एकच ‘माती’ म्हणून मोकळे झालो. त्या चिकणमातीच्या विटा एव्हाना भाजून कुणाकुणाच्या भिंतींत गेल्या होत्या. आमच्याच गल्लीत एक वाढीव खोली त्या भट्टीच्या विटांनी उठली. तिच्या शेजारून जाताना मी अजूनही भिंतीला हात लावतो.

फाउंड्रीच्या ऑफिसात बैलहोंगलकडची एक बाई आहे. तिला तळ्याचं सांगितलं तर तिनं ‘केरेगे हार’ या कन्नड लोकगीताची गोष्ट सांगितली. गावच्या पाटलानं तळं बांधलं, त्याला पाणीच लागेना, ज्योतिषानं बळी द्यायला सांगितलं, आणि सगळ्यांत धाकटी सून भागीरथी तळ्यात दिली गेली. पाणी पायरी पायरीनं तिच्या अंगावर चढत गेलं. ती सांगताना त्या बाईचा आवाज बदलला. मी मात्र फाउंड्रीवाला. मला राहून राहून वाटलं, त्या तळ्याचा तळ आधी कुणीतरी तपासायला हवा होता. कुणाच्या तरी घाईनं पडलेलं भोक बुजवायला दरवेळी सूनच सापडते. आमच्या तळ्यावरसुद्धा, मी चूक कबूल केल्यावर सगळ्यांत आधी खोरं घेऊन कोण आलं असेल? त्या चौघी.

बैठक बोलावून मी झालं ते सांगितलं. शिव्या बसतील वाटलं होतं. बसल्या, पण थोड्या. मग विचार सुरू झाला. बेंटोनाइटची पोती आणून टाकू, असं मीच सुचवलं आणि दर सांगून मीच मागं घेतलं. एकानं तळाला प्लॅस्टिक कागद घालू म्हटलं, शेततळ्यात घालतात तसा. आबा काठीनं जमीन खरवडत बसले होते. म्हणाले, “भातात पानी कसं थांबवतासा?”

आम्ही सगळे भात लावणारे, आणि हे एका म्हाताऱ्यानं विचारेपर्यंत कुणाला सुचलं नाही. चिखलणी. पाणी सोडून जमीन तुडवून तुडवून मातीचं लोणी केलं की खाली कठीण थर बसतो आणि वाफ्यात पाणी उभं राहतं. तेच तळ्यात करायचं. माती हवी होती. एका शेतकऱ्यानं त्याच उन्हाळ्यात शिवारात कृषी होंडा, म्हणजे शेततळं, खणला होता, त्याच्या बांधावर चिकट मातीचा ढीग पडलेला. दोन गुंठ्यांवर वीतभर थर म्हणजे सोळा ब्रास, वीसेक ट्रॉल्या. त्यानं पैसे घेतले नाहीत. या खेपेला प्रत्येक ट्रॉलीतली माती मी मुठीत दाबून बघितली. पोरं हसायची, हसू दे.

वेळापत्रक असं केलं होतं: १५ मेपर्यंत माती पसरायची, ट्रॅक्टरच्या टाकीनं पाणी आणून भिजवायची, महिनाअखेर तुडवायची, मिरगाला तयार. पण २०२५मध्ये पाऊस आमच्या वेळापत्रकाला विचारून आला नाही. मान्सून केरळात २४ मेलाच पोचला, २००९नंतर इतक्या लवकर कधी आला नव्हता, आणि आमच्याकडं त्याच्याही आधीपासून वळीव कोसळत होता. धूळवाफ पेरणी करणाऱ्यांना धूळच उरली नाही. तळ्यात आम्ही अर्धी माती पसरलेली, अर्धी ट्रॉलीत.

त्या रविवारी सकाळपासून पाऊस होता. जेमतेम वीस माणसं असतील. थांबलो तर सैल माती वाहून कडेला जाईल आणि गेल्या वर्षीसारखंच होईल. दोन पोरांनी पॉवर टिलर आणले, चिखलाची लोखंडी चाकं लावून. आबांनी नातवाला पिटाळलं आणि गल्लीतल्या उरल्यासुरल्या म्हशी गोळा केल्या, सात मिळाल्या. म्हशींना तळ्यात घालायला फार आग्रह करावा लागत नाही. त्या उतरल्या आणि चालायला लागल्या, एकीमागून एक, मधोमध. त्यांच्या खुरांचे खड्डे पाण्यानं भरत, पुढची म्हैस ते बुजवून नवे पाडी. त्यांच्यामागं आम्ही हात धरून, गुडघाभर चिखलात, एका लयीत पाय उचलत. अक्का पुढं. “टाचेनं, अण्णा, टाचेनं. नाचाय नाही आलाय.” चार तास. दुपारी पायाखाली काहीतरी बदललं. आधी पाय आत जाऊन सुटायचा, आता धरून ठेवायला लागला. ओढला की खालून पच्च आवाज यायचा. मी वाकून गोळा घेतला. पावसात ठसे उमटतात का ते दिसत नव्हतं.

पुढं सगळं शेतातल्या कामांत गेलं. तळं भरलं, पण पावसाळ्यात चाळणीही भरलेली दिसते, त्यामुळे आम्ही कुणी ग्रुपवर काही टाकलं नाही. गडाकडून येणारा ओहोळ कचऱ्यानं तुंबू नये म्हणून आळीपाळीनं एकेका घराकडं आठवडा दिला. बुडालेल्या पायऱ्यांवरचं शेवाळ बायकांनी घासून काढलं. विसर्जनासाठी बाजूला लोखंडी टाकी ठेवली. त्यावरून कुरबूर झाली, अजून चालू आहे. उंदीर मुकादम अजून काठावरच आहे, रंग उडालाय.

३१ ऑगस्टला गौरी आल्या. रविवारच होता. गेली वीसेक वर्षं आमच्या गल्लीतल्या बायका गौरी नळाखाली पुजून आणत होत्या. घागर, तेरडा, हळदकुंकू सगळं असायचं आणि मध्ये प्लॅस्टिकची तोटी. या खेपेला त्या तळ्यावर गेल्या. अक्का घागर भरताना पायरीवर उभ्या होत्या, पाणी पोटरीपर्यंत, आणि मागून कुणीतरी ओरडत होतं की साडी भिजतेय. त्यांनी मागं बघितलंच नाही.

बांबू नवा रोवलाय. दिवाळीनंतर, पाऊस पुरता उघडल्यावर, मी परत पहाटे टॉर्च घेऊन जायला लागलो. एका आठवड्यात दोन बोटं उतरलं, की तीन, अंधारात नीट कळत नव्हतं म्हणून गुडघ्यावर बसून बघत होतो. धुक्यातून खोकल्याचा आवाज आला. आबा पायऱ्यांवर होते, धोतर गुडघ्यापर्यंत, पाय धूत.

“काठी कशाला बघालायस?” म्हणाले. “तिसरी पायरी बुडालेली हाय. जा, तुझी शिफ्ट चुकंल.”